मंगळवारी समुद्राला सुट्टी

पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, आक्रा शहरात येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. मसाल्याचे डबेसुद्धा अजून खोक्यातच होते, पण त्या सकाळी मी ठरवलं, आज ताजी मासळी आणायचीच. नकाशात किनारा दिसत होता, जेम्सटाउन हे नाव दिसत होतं. पिशवी घेतली, टॅक्सी केली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपस्तंभाशी उतरले आणि खाली वाळूत गेले. होड्या होत्या, ढीगभर होत्या. एकही पाण्यात नव्हती.

माणसं होडीच्या सावलीला पाय पसरून बसली होती. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवायचं, ताणायचं आणि फाटलेले डोळे शिवत जायचं. अगदी आमच्या रेवदंड्याच्या बंदरावर बसतात तशी. एका पोराला विचारलं, मासळी कुठे मिळेल? तो हसला. "आज ट्यूजडे आहे, मॅडम." एवढंच. जणू मी दिवाळीला शाळेत जाऊन उभी राहिले होते.

मंगळवारी मासळी न खाणारी घरं आमच्याकडे ढिगाने आहेत. गणपतीचा वार. पण ते खाणाऱ्याचं व्रत; दर्यावर त्याचं बंधन नाही. इथे उलटं. आदल्या दिवशी पकडलेली, धुरावलेली मासळी खा हवी तेवढी, पण मंगळवारी होडी लोटायची नाही. तो समुद्राचा दिवस. समुद्रदेवाचं नाव नाई, आणि त्याचा पुजारी नाई वुलोमो हा इथल्या पुजाऱ्यांमधला मोठा मानकरी. मंगळवारी जाळी शिवायची, होड्या दुरुस्त करायच्या, तंटे सोडवायचे. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले ती बरीचशी ओशाळून. आता सहा वर्षं झाली. नोकरी तेमा बंदरातली, घर आक्रात, आणि सुट्टीच्या दिवशी पाय वळतात ते जेम्सटाउनकडे. कुणी नवीन माणूस आलं आणि विचारलं की हे गाव बघायचं कसं, तर मी आधी वार विचारते.

गाव म्हणते, कारण ते गावच आहे. आक्रा ही घानाची राजधानी नंतरची. ब्रिटिशांनी १८७७ साली आपला कारभार केप कोस्टहून इथे हलवला तेव्हाची. त्याच्या कितीतरी आधीपासून हे गा लोकांचं बंदर होतं. गा हे लोकांचं नाव आणि भाषेचंही. किनाऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की त्यांची गावं ओळीने लागतात: गा माशी, ओसू, ला, तेशी, नुंगुआ, तेमा. गा माशी म्हणजे मूळ आक्रा. जेम्सटाउन हा त्याचाच एक भाग. 'आक्रा' हा शब्द मात्र गा लोकांचा नाही. शेजारच्या अकान भाषेत 'न्क्रान' म्हणजे काळ्या मुंग्या. शेजाऱ्यांनी यांना मुंग्या म्हटलं, गोऱ्यांनी ते ऐकून आपल्या परीने लिहिलं, आणि एका देशाची राजधानी मुंग्यांच्या नावाने नांदते आहे. शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव चिकटलं की सुटत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाडीत विचारून बघा.

किल्ले बघायचे तर बघा, चालत होतात. डचांनी १६४९ मध्ये एक बांधला, त्याला आता अशर फोर्ट म्हणतात. इंग्रजांनी १६७३ मध्ये तिथून हाकेच्या अंतरावर जेम्स फोर्ट उभारला. पलीकडे ओसूला डेन्मार्कवाल्यांचा ख्रिस्तियान्सबोर्ग. भांडखोर भावांनी एकाच अंगणात भिंती घालाव्यात तसे हे तिघे दीडदोनशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसून होते, आणि धंदा तिघांचा एकच, माणसं विकण्याचा. डॅनिश लोकांनी आपला वाटा १८५० साली दहा हजार पौंडांना इंग्रजांना विकून टाकला आणि घरी गेले. पुढे गावातल्या दोन किल्ल्यांचे तुरुंग झाले. घानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी एन्क्रुमा यांना इंग्रजांनी जेम्स फोर्टमध्ये कोंडलं होतं. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक त्यांनी त्या कोठडीतूनच जिंकली आणि चार दिवसांत ते बाहेर आले. पर्यटकांना हे सगळं दाखवतात. भिंतीला हात लावला की पापुद्रे निघतात, आतली हवा कोंदट आहे, आणि बाहेर आल्यावर बोलावंसं वाटत नाही. मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा पाहुणे आले तेव्हा त्यांना वाटाड्याबरोबर आत पाठवलं आणि मी कोमी खात बाहेर बसले.

कोमीबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं.

इंग्रजीत तिला केंकी म्हणतात, गा लोक कोमी. मका दोन दिवस भिजवायचा, दळायचा, पीठ मळून दोनतीन दिवस आंबू द्यायचं. मग त्यातलं निम्मं पीठ मोठ्या पातेल्यात घालून घाटायचं. आणि घाटणं म्हणजे घाटणंच. हातभर लांबीच्या लाकडी दांड्याने, दोन्ही पायांत पातेलं धरून, घाम निथळेपर्यंत. या अर्ध्या शिजलेल्या पिठाला आफ्लाता म्हणतात. त्यात उरलेलं कच्चं पीठ मिसळायचं, मुठीएवढे गोळे करून मक्याच्या सुकल्या पानांत गुंडाळायचे आणि तासन् तास उकळायचे. पान सोडवलं की वाफेबरोबर आंबूस वास येतो. पहिल्यांदा मला तो थेट आमच्या आजीच्या आंबोळीच्या पिठाचा वाटला, जरा जास्त आंबलेल्या. सोबत तळलेला मासा, कांदा-टोमॅटो, आणि ताज्या मिरच्या आतून खरबरीत असलेल्या मातीच्या परळात वाटून केलेलं तिखट. शिवाय शितो: सुक्या मासळीची, तेलात काळीभोर होईस्तोवर परतलेली चटणी. 'शितो' या शब्दाचा गा भाषेतला अर्थच मुळी मिरची. या सगळ्या जेवणाला 'कोमी के केनान' म्हणतात. ते उजव्या हाताने खायचं, आणि कुणाला काही द्यायचं-घ्यायचं तेही उजव्याच हाताने. डाव्या हाताने पैसे पुढे केलेत तर दुकानदारीण तुमच्याकडे माझी आजी बघायची तशी बघेल. ही एक गोष्ट मला इथे कुणी शिकवावी लागली नाही.

मी जिच्याकडे खाते ती बाई साठीच्या पुढची. तोंडाने मी तिला सगळ्यांसारखं 'ऑन्टी' म्हणते, मनात मावशी. पहिली दोन वर्षं ती मला 'ब्लोफोन्यो' म्हणायची, म्हणजे गोरा माणूस. माझ्या रंगाकडे बघता हा शब्द ऐकून रेवदंड्यात हशा पिकला असता. आता नावाने हाक मारते, पण शेवटचं अक्षर खाते.

मावशीच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा नवरा दिसेना. अंगणाभोवती खोल्या, तिची आई होती, बहीण होती, मुली, नाती. मला वाटलं, बिचारी विधवा असेल. संध्याकाळी तिने डबा भरला आणि नातीच्या डोक्यावर दिला. "आजोबांना." आजोबा दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या भावांच्या घरात. भांडण नाही, काडीमोड नाही. जुन्या गा माशीची ही रीतच. बायका बायकांच्या घरात, पुरुष पुरुषांच्या. लग्न झालं म्हणून बाईने आईचं अंगण सोडायचं कारण नाही. आता नव्या वस्त्यांत राहायला गेलेले लोक एकत्रच राहतात, आणि जुन्या घरांतही दाटी इतकी झाली आहे की रीत कुठे संपते आणि जागेची अडचण कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. हे सांगितल्यावर माझी एक मैत्रीण पुण्याहून फोनवर म्हणाली, "जागा आहे का गं तिकडे एखादी रिकामी?"

पण यात हिशेबही पक्का असतो. नवरा मासळी आणतो ती बायकोला देतो म्हणजे उधारीवर विकतो. ती धुरावते, बाजारात नेते, विकते आणि मग पैसे चुकते करते. होडीचं इंजिन किंवा जाळं घ्यायला बऱ्याचदा पैसा बाईचाच लागलेला असतो. कोळणीच्या हातात पाटीबरोबर घरातल्या नाड्याही असतात हे बघत मी वाढले, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. धुरावण्याची चूल मात्र बघण्यासारखी. लांबट चौकोनी भट्टी, वर लाकडी चौकटीच्या जाळीच्या ताटल्या एकावर एक रचलेल्या. खालच्या वर, वरच्या खाली करत राहायच्या. जेम्सटाउनच्या पश्चिमेला चोरकोर नावाची कोळ्यांची वस्ती आहे. साधारण १९७०च्या सुमारास तिथल्या बायकांबरोबर काम करून ही भट्टी सुधारली गेली आणि आज जगभर मासळीवाल्यांत ती 'चोरकोर' याच नावाने ओळखली जाते. बोंबील उन्हात वाळवणाऱ्या माझ्या कोकणी नाकाला धुराचा वास अजूनही जड जातो. पण पावसाळ्यात सुकट भिजून वाया जाते तेव्हा आमच्याकडे एक चोरकोर असती तर, असं वाटतं खरं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते. पहिली माझी एकटीची होती, ही आम्हा मराठी मंडळींची सामुदायिक.

आक्रात थोडी मराठी घरं आहेत. १ मे आठवड्याच्या मधेच आला म्हणून त्या वर्षी आम्ही महाराष्ट्र दिन दोन आठवड्यांनी, शनिवारी करायचं ठरवलं. ओसूत एक हॉल घेतला. लेझीम बसवायचं ठरलं. लेझिमा एकाने नाशिकहून सामानात आणल्या होत्या, विमानतळावर त्या काय आहेत हे समजावता समजावता त्याने तिथेच दोन पावलं करून दाखवली म्हणे. तालमीला ढोलकीवर पहिली थाप पडली आणि हॉलचा रखवालदार धावत आत आला. तो रागावला नाही. त्याने आधी खिडक्या लावल्या. मग ढोलकीवर हळूच तळवा ठेवला, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मे-जूनमध्ये साधारण तीस दिवस गा गावांत ढोल वाजवायला बंदी असते. प्रत्येक गावाच्या तारखा वेगळ्या. मेमध्ये वुलोमो, म्हणजे पुजारी, आपल्या राखीव तुकड्यांत धान्य पेरतात, आणि पेरलेलं उगवून वर येईपर्यंत गावाने गप्प राहायचं. ढोल नाही, कर्णे नाहीत, मिरवणुका नाहीत. आता हे शहर तीसचाळीस लाखांचं. गल्लोगल्ली चर्च, प्रत्येक चर्चला लाउडस्पीकर. देशभरातून आलेले लोक विचारतात, तुमच्या पेरणीसाठी आम्ही का गप्प बसायचं? १९९०च्या दशकाच्या अखेरीला यावरून चर्चमध्ये घुसून मारामाऱ्या झाल्या, वाद्यं फोडली गेली. मग वाटाघाटी झाल्या. आता दरवर्षी तारखा जाहीर होतात, आणि बंदी पाळली जाते की नाही हे बघायला माणसं फिरतात. मारामाऱ्या वाईटच. पण खरं सांगायचं तर माझा कल गप्प राहण्याकडे आहे. गणपतीच्या दहा दिवसांत जिने खिडकीला उशा लावल्या आहेत तिला शांततेची बाजू घ्यायला फार विचार करावा लागत नाही.

आम्ही तालीम सोडली नाही. ढोलकी पिशवीत गेली, लेझिमा खुर्च्यांवर आडव्या पडल्या, आणि बारा माणसं रिकामे हात हलवत, ओठांनी मोजत, पावलं टाकत राहिली. एक-दोन-तीन-चार, वाकून, उठून. घामाघूम. रखवालदार दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. हात एकमेकांना न लावता.

या गावाने बाहेरून आलेल्यांना सामावून घेतल्याचा एक किस्सा मला फार आवडतो, कारण तो थेट माझ्या गावाशी जाऊन भिडतो. जेम्सटाउनला ब्राझील लेन नावाची गल्ली आहे. १८३६ साली ब्राझीलहून सुटलेले आफ्रिकी गुलाम जहाजाने इथे परतले. कोणत्या गावचे ते कुणाला धड सांगता येईना. बोलत होते पोर्तुगीज. कुणी काही विचारलं की म्हणायचे 'ता बों', ठीक आहे. गावाने त्यांचं नावच ताबोम ठेवलं. जमीन दिली, वस्ती दिली, आपल्यात एक मानाचं आसन दिलं. त्यांनी विहिरी खणल्या, शिवणकाम आणलं. आज ताबोम लोक गा बोलतात. पोर्तुगीज गेली, नाव राहिलं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे, तिथली ख्रिस्ती मंडळी पोर्तुगीज निघून गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनीही घरात पोर्तुगीजचीच एक मोडकी, गोड बोली बोलतात. एका किनाऱ्यावर भाषा गेली आणि नाव उरलं, दुसऱ्यावर नाव कुणी ठेवलंच नाही आणि भाषा उरली. योगायोगाने जेम्सटाउनच्या पश्चिमेच्या खाजणाचं नाव कोर्ले. यात काही अर्थ नाही हे मला कळतं. तरी पुलावरून जाताना मी दरवेळी मनात म्हणते, कोर्लई आली. वासाने लगेच जाग येते. सगळ्या शहराचा कचरा त्या खाजणात येतो.

मासळीचं म्हणाल तर दिवस बरे नाहीत. जुलै ते सप्टेंबर इथे समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर आपल्या तारलीच्या जातीचे थवे किनाऱ्याला लागतात, किंवा लागायचे. गेल्या तीसेक वर्षांत ही मासळी भयंकर कमी झाली आहे. मोठे ट्रॉलर खोल समुद्रात जाळी ओढतात, तारलीही उचलतात आणि गोठवलेल्या लाद्या करून भर समुद्रात होडीवाल्यांनाच विकतात. या चोरट्या धंद्याला 'साइको' म्हणतात. म्हणजे आपल्याच अंगणातले आंबे शेजाऱ्याकडून विकत घ्यायचे. २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदा होड्यांनाही महिनाभर बंदी घातली, १५ मे ते १५ जून. आपल्याकडे १ जूनपासून पावसाळी बंदी असते, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही, आणि मी तसं मावशीला म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही आठवड्यातला एक दिवस समुद्राला कायमचा दिलाय. ट्रॉलरवाल्यांनी कुठला दिला?" मी गुमान कोमी खाल्ली.

२०२० च्या मेमध्ये जेम्सटाउनच्या वाळूवरच्या झोपड्या पाडल्या, चीनच्या मदतीने नवं बंदर बांधायला. मी पहिल्या मंगळवारी जिथे उभी होते ती वाळू आता काँक्रीटखाली आहे. नवं बंदर म्हणजे बर्फ, गोदामं, धक्का, ते हवंच होतं. जाळी शिवायला सावली कुठली, हे नकाशात नसतं.

आणि बुकोम. बुकोमचं नाव न घेता जेम्सटाउनवर लिहिलं तर तिथली पोरं मला सोडणार नाहीत. घानाचे मुष्टियोद्धे बहुतेक या दोनचार गल्ल्यांतून आलेले. अझुमा नेल्सन इथला. त्याच्या आधी डी. के. पॉयझन, १९७५ साली जगज्जेता झालेला पहिला घानावासी. त्याने ठोशांवर कमावलेल्या पैशांतले ४५,००० डॉलर १९७६ मध्ये सरकारने उसने घेतले, कशाला, तर डबाबंद बांगडा आयात करायला! देशात अन्नाची टंचाई होती. ते पैसे मागता मागता त्याचं म्हातारपण उजाडलं. मासळीच्या गावात बांगड्याच्या डब्यांसाठी पोराच्या ठोशांचे पैसे गेले, हे बुकोममध्ये लोक हसत सांगतात, पण दुसऱ्यांदा विचारलं की हसत नाहीत.

होमोवो ऑगस्टात येतो. 'होमो' म्हणजे भूक, 'वो' म्हणजे हुर्यो उडवणं. पूर्वी कधीतरी मोठा दुष्काळ पडला, मग पीक आलं, आणि लोकांनी भुकेची हुर्यो उडवली, अशी कथा. सणाच्या आधीच्या गुरुवारी बाहेरगावी गेलेले गा लोक घरी परततात. पूर्वी शेतावरून डोक्यावर धान्याचे भारे घेऊन यायचे, आता ट्रकांतून, टपांवर बसून, गात येतात. त्यांना म्हणतातच सोबी, गुरुवारची माणसं. शनिवारी क्पोक्पोइ होतं. मक्याचं आंबवलेलं पीठ वाफवून त्यात तांबडं पामतेल आणि भेंडी, वर तेलताडाच्या फळांचं मासे घातलेलं सार. राजा, म्हणजे मान्त्से, गल्ल्यांतून ते शिंपडत जातो, पूर्वजांचा घास. मग घरोघर एकाच मोठ्या परातीतून सगळे जेवतात. लहानमोठा नाही, आधीनंतर नाही.

गेल्या वर्षी मावशीने बोलावलं होतं. परातीभोवती आम्ही अकराजण, त्यातली सहा पोरं, आणि पोरांच्या हातांची चपळाई अशी की माझ्या वाट्याला भेंडीच येत होती. शेवटी मावशीने एकाच्या मनगटावर चापट मारली आणि माशाचं डोकं उचलून माझ्या पुढ्यात ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. आई. नारळी पौर्णिमा चारपाच दिवसांवर आली होती, नारळ किती महाग झालेत ते तिला सांगायचं होतं.

"आवाज कसला गं एवढा?"

"सण आहे इथे. भुकेची हुर्यो उडवतात."

"म्हणजे कसं?"

मांडीवर माशाचं डोकं, एका हाताला तेल, दुसऱ्या हातात फोन. मी पोरांकडे बघितलं, त्यांनी मान वर करून जोरात हाळी दिली, आणि त्यांच्यामागून मीही देऊन पाहिली.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अगं, काटा लागला का घशात?"